एतेविसेचा फोन पुसला ती दुपार

रविवारी दुपारी आमच्या गावात जो जागा असतो तो एकतर आजारी असतो, नाहीतर काहीतरी लपवत असतो. पहाटे उमूतले, म्हणजे अंगणातल्या भट्टीतले, दगड तापवायचे, पांढरे कपडे घालून चर्चला जायचं, घरी येऊन डुक्कर, तारोचे कंद आणि नारळाच्या दुधात शिजवलेली त्याची पानं पोटाला तडस लागेपर्यंत खायची आणि मग दुसऱ्या प्रार्थनेची घंटा होईपर्यंत झोपायचं. पाद्रीबुवांपासून कुत्र्यांपर्यंत सगळे झोपतात. त्या रविवारी फुआतीनो जागी होती.

ती आजारी नव्हती.

भिंती नसलेल्या घराच्या समुद्राकडच्या टोकाला खांबाला पाठ टेकून ती बसली होती. झावळ्यांचे पडदे तिने तेवढ्या बाजूचे खाली सोडले होते. पलीकडे चटईवर तिची आठ वर्षांची मुलगी पेनिना झोपली होती आणि मधल्या खांबाशी थोरला भाऊ इओसेफो घोरत होता. फुआतीनोच्या मांडीवर आईचा फोन होता. आई, म्हणजे म्हातारी एतेविसे, चार महिन्यांपूर्वी गेली. अंगणातल्या तिच्या थडग्याचं सिमेंट अजून नवंकोरं दिसत होतं. फोन तेव्हापासून कपाटात पडून होता आणि आज तो लुपेला विकायचा होता.

लुपे गावच्या शाळेतली मास्तरीण. शुक्रवारी चर्चमधल्या गाण्याच्या तालमीनंतर तिने फुआतीनोला फाटकाशी गाठलं होतं.

"म्हातारीचा फोन नुसता पडलाय म्हणे तुमच्याकडे. मला विकतेस का? फुकट नको हो. कोर्टाने आपल्याला नातेवाईक ठेवलं नाही, तेव्हा फुकट मागायचा माझा हक्क गेला."

"असं काय बोलतेस गं, लुपे."

"गंमत केली. इतकं मनाला लावून घेऊ नकोस. माझं डबडं आता चालूच होत नाही. रविवारी दुसऱ्या प्रार्थनेला जाता जाता घेऊन जाईन."

समोर उभं राहून कोणी मागितलं की आमच्याकडे नाही म्हणता येत नाही. एकदा नाही म्हटलं की नातवंडांनाही ते ऐकावं लागतं. फुआतीनो हो म्हणून बसली. साऱ्या जगात ज्या एका बाईच्या हाती तो फोन पडू नये तिलाच तो कबूल झाला होता, कारण त्यात आईच्या आवाजातली वंशावळ होती.

आमच्यात वंशावळ ही दागिन्यांपेक्षा जपायची वस्तू. कोण कोणाचा, कोणती शाखा थोरली, यावर जमीन ठरते आणि घराण्याचा मताई, म्हणजे प्रमुख, कोण व्हायचा तेही ठरतं. परक्याच्या कानावर ती पडू देत नाहीत. एतेविसेला आठ पिढ्या तोंडपाठ होत्या. डोळे गेल्यावर तिने त्या फुआतीनोला लिहून घ्यायला सांगितल्या, आणि पोरगी काहीतरी चुकवेल म्हणून वर फोनवरही रेकॉर्ड करून ठेवल्या. त्याच सुमारास लुपेच्या माणसांशी मताईपदाचा वाद कोर्टात गेला होता. कोर्टासाठी चांगली प्रत करायला बसली तेव्हा फुआतीनो एका ओळीशी अडली होती.

"दादा, आईने सेउलीची मुलं दोन सांगितली. थोरली मातालेना, मग आपले आजोबा ताविता."

मातालेना म्हणजे लुपेची पणजी. शाखा तीच थोरली.

इओसेफो नारळ सोलत होता. त्याने मान वर केली नाही. "सकाळपासून लिहितेयस. हात दुखला असेल तुझा."

"म्हणजे?"

"म्हणजे एखादी ओळ कमी लिही. आईला कुठे आता वाचता येतंय."

वंशावळ खोटी सांगणाऱ्याचं घर बुडतं असं जुनी माणसं म्हणतात. पण जुनी माणसं रविवारी पोहू नये असंही म्हणतात आणि पोरं पोहतातच. फुआतीनोने लिहिलं: सेउलीचा मुलगा एक, ताविता. मताईपद इओसेफोला मिळालं. गावाच्या सभेत त्याला मधला खांब, म्हणजे प्रमुखाची मानाची जागा, मिळाला, सगळ्या घराला नवं छप्पर आणि पेनिनाला चांगली शाळा. लुपेच्या माणसांकडे तोंडच्या गोष्टींपलीकडे पुरावा नव्हता. पुरावा होता तो या फोनमध्ये, एतेविसेच्या आवाजात. तो लुपेने एकदा ऐकला की खटला पुन्हा उघडणार होता, आणि या वेळी इओसेफोबरोबर खोटी प्रत लिहिणारीही गावासमोर उभी राहणार होती.

म्हणून शनिवारी बसने बाजारात जाऊन तिने फोन दुरुस्त करणाऱ्याला सहज विचारावं तसं विचारलं होतं.

"ताई, नुसतं डिलीट केलं की गेलं असं समजू नका," तो म्हणाला. "घेणारा हुशार असला तर उकरून काढतो. आधी हवे ते फोटो कार्डावर उतरवा. सिम काढा. खात्यातून बाहेर पडा, लॉक काढा. मग सेटिंगमध्ये जाऊन सगळंच्या सगळं पुसा. त्यानंतर देव आला तरी त्याला त्यात काही सापडायचं नाही."

विसरू नये म्हणून त्याने हे एका पावतीच्या पाठीवर लिहूनही दिलं होतं. ती पावती समोर ठेवून फुआतीनोने एकेक काम उरकलं. आईच्या वाढदिवसाचे फोटो कार्डावर गेले. केसातल्या पिनेने सिम निघालं. खातं बंद झालं, लॉक निघालं. आता एकच बटण उरलं होतं.

आणि तिथेच तिचा हात थबकला. चार महिन्यांत तिने आईचा आवाज ऐकला नव्हता. पुसला की तो पुन्हा कधीच ऐकू येणार नव्हता. एकदा ऐकते, मग पुसते, असं तिने स्वतःला सांगितलं. आवाज अगदी बारीक करून तिने फोन कानाशी धरला.

"सेउलीची मुलं दोन," एतेविसे म्हणाली. आवाज इतका जवळचा होता की फुआतीनोचे डोळे भरून आले. "थोरली मातालेना. धाकटा ताविता. लिहिलंस?"

मग शांतता. नुसता त्या दिवशीचा वारा.

"ताविताची एक. मी. एतेविसे. लिहिलंस?"

पुन्हा शांतता.

फुआतीनोने फोन कानावरून काढून त्याच्याकडे पाहिलं. त्या दिवशी आई प्रत्येक नावानंतर विचारायची आणि ती प्रत्येक वेळी "हो, आई" म्हणायची. नंतर दोघींनी मिळून हे रेकॉर्डिंग ऐकलंही होतं. तुझ्या "हो"मध्ये कंटाळा ऐकू येतो म्हणून आईने तिला चिडवलंही होतं. तिचं एकही "हो" आता तिथे नव्हतं. आई कोणालातरी विचारत होती आणि कोणीच उत्तर देत नव्हतं.

'माझा आवाज दुरून आला असेल,' तिने मनाची समजूत घातली.

"एतेविसेची मुलं दोन," आई म्हणाली. "इओसेफो..."

आणि थांबली. एक नाव उच्चारायला जितका वेळ लागतो तितकीच थांबली. त्या जागेत आईचा श्वास स्वच्छ ऐकू आला. "लिहिलंस?"

एवढ्यात फुआतीनोला जाणवलं की बाहेर काहीच वाजत नाहीये. खडकांवर फुटणाऱ्या लाटा नव्हत्या, कोंबड्या नव्हत्या, इओसेफोचं घोरणंसुद्धा बंद झालं होतं. ऊन लख्ख होतं. पडद्याच्या फटींतून त्याचे पट्टे तिच्या पायांवर पडले होते, पण पायांना त्याची ऊब लागत नव्हती. आणि वास येत होता... मोसोओईच्या फुलांचा, खोबरेल तेलात मुरवलेल्या. आई ते तेल केसांना लावायची. उरलेली बाटली फुआतीनोने स्वतः तिच्याबरोबर शवपेटीत ठेवली होती.

तिने रेकॉर्डिंग मागे नेलं.

"एतेविसेचा मुलगा एक," आई म्हणाली. "इओसेफो. लिहिलंस?"

"आई..." फुआतीनो कुजबुजली. "मी आहे ना... मी इथेच आहे."

फोनमध्ये आई थांबली. कोणीतरी काहीतरी बोललं आणि ते नीट ऐकू आलं नाही, असं झालं की म्हातारी जशी मान कलती करून थांबायची, तसं ते थांबणं होतं. मग ती आपल्या वाटेने पुढे बोलू लागली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर फुआतीनोला बरं वाटलं असतं.

तिला कळत होतं काय करायला हवं ते. लुपेला हाक मारायची, फोन तिच्या हातात द्यायचा आणि ऐक म्हणायचं. पणजीचं नाव तिथे शाबूत होतं. पण मग इओसेफोचं काय? तो मधला खांब, ते छप्पर, पेनिनाची शाळा... आणि पुढच्या रविवारी चर्चमध्ये शेजारी कोण बसणार? खरं सांगायचं तर एवढा विचारही तिने केला नाही. ती भ्यायली होती आणि तिला तो आवाज थांबायला हवा होता. तिने सेटिंग उघडलं. सगळं पुसलं जाईल, परत मिळणार नाही, नक्की ना, असं फोनने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिने हो म्हटलं.

फोनचा पडदा काळा झाला. एक पांढरी रेघ सरकू लागली. ती टोकाला पोचेपर्यंत फुआतीनोने श्वास घेतला की नाही कोण जाणे. मग फोन नव्यासारखा उजळला आणि कोणती भाषा हवी ते विचारू लागला.

लाटा पुन्हा वाजू लागल्या. कोंबड्या ओरडल्या. तेलाचा वास गेला. फुआतीनोने कपाळावरचा घाम पुसला आणि तिला स्वतःचंच हसू आलं. डुक्कर इतकं खाल्ल्यावर माणसाला दुपारी काहीही ऐकू येतं. दूर चर्चची पहिली घंटा झाली आणि पेनिना डोळे चोळत उठून बसली.

"ऊठ गं राणी, तोंड धू," फुआतीनो म्हणाली.

पेनिनाने तिच्याकडे पाहिलं. मग चटकन कपडे सारखे केले, फाटलेल्या फ्रॉकचा काठ गुडघ्यांवरून खाली ओढला आणि वाकून, पाहुण्यांसमोरून जातात तशी, एक हात खाली धरून कोपऱ्यात गेली. तिथून चांगली चटई काढून तिने फुआतीनोसमोर अंथरली.

"इथे बसा ना," ती हळूच म्हणाली. "तिथे ऊन लागतंय तुम्हाला."

"पेनिना, थट्टा पुरे. आणि हा कुठला फ्रॉक घातलास?"

मुलगी गोंधळली. परक्या बाईला आपलं नाव कसं माहीत, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. पण संस्काराची पोर ती. पंखा उचलून ती पाहुण्याला वारा घालू लागली.

"पेनिना... तुझी आई कुठाय?"

"मला आई नाही," पेनिना म्हणाली. रोजचं उत्तर द्यावं तसं. "मी मामाकडेच असते."

इओसेफो जागा झाला होता. तो उठून बसला, अंगावर शर्ट चढवला आणि मधल्या खांबाशी मांडी घालून ताठ बसला. त्याच्या डोळ्यांत कसलाही कावा नव्हता. घरी अवचित पाहुणा आला आणि आपण झोपलेले होतो, याची थोडी लाज होती एवढंच.

"दादा," फुआतीनो म्हणाली. "दादा, हे काय चाललंय?"

"या, या. आपल्या पावलांनी हे घर मोठं झालं," इओसेफोने स्वागताचे शब्द सुरू केले. सभेत बोलतो तो भारदस्त आवाज होता. "आम्ही झोपेत होतो, राग मानू नका. देवाने आपल्याला सुखरूप आणलं, त्याचे आभार. क्षमा असावी, आपलं गाव आम्हाला ठाऊक नाही. आपण कोणत्या घराण्यातल्या? कोणाच्या कोण?"

तेवढ्यात पांढरी टोपी सावरत लुपे पायरीवर आली. परकी बाई पाहून तिनेही मान लववली आणि आत येऊन बसली.

"फोन तयार आहे का हो?" तिने इओसेफोला विचारलं.

"हा काय, पडलाय इथे," तो म्हणाला. "कोणी पुसून ठेवलाय कोण जाणे."

लुपेने पैसे चटईवर ठेवले आणि फोन उचलून पर्समध्ये टाकला. मग तीही पाहुणीकडे वळली, कारण यजमानाने घराणं विचारलं होतं आणि उत्तर मिळेपर्यंत उठणं बरं दिसत नाही.

असा प्रश्न आला की आमच्यात एकच उत्तर असतं. ती ताठ बसली. वंशावळ तिला पाठ होती, लिहून लिहून पाठ झाली होती. या वेळी तिने काहीही गाळलं नाही.

"सेउलीची मुलं दोन," ती म्हणाली. शब्द स्पष्ट होते. "थोरली मातालेना. धाकटा ताविता."

लुपेचे डोळे मोठे झाले. इओसेफोचा चेहरा पांढरा पडला. तिने कोणाकडेच पाहिलं नाही.

"ताविताची मुलगी एतेविसे. एतेविसेची मुलं दोन. थोरला इओसेफो. आणि धाकटी..."

तिने तोंड उघडं ठेवलं. नाव ओठांवर होतं, रोजचं, साधं, लहानपणापासून ज्या नावाने सगळे तिला हाक मारत होते ते. तिने ते आठवायचा प्रयत्न केला. आईच्या आवाजात आठवून पाहिलं, भावाच्या आवाजात, शाळेच्या हजेरीत. ते कुठेच नव्हतं. पेनिना पंखा हलवत राहिली. चर्चची दुसरी घंटा झाली तरी कोणी उठलं नाही. पाहुण्याचं बोलणं अर्धवट तोडायचं नसतं, म्हणून सगळे अदबीने तिच्या पुढच्या शब्दाची वाट पाहत बसले.