फार देखणा नमुना

दुपारच्या सामसुमीत ओट्यावरून चमचा घरंगळला आणि खणकन फरशीवर आपटला. पाळण्यातलं बाळ चाळवलं, पण उठलं नाही. वहिनींनी रोखलेला श्वास सोडला आणि दिरांकडे डोळे वटारले.

"भावजी, चहात साखर घातलीय मी. ढवळायची काय घाई?"

"लक्ष थाऱ्यावर नाही, वहिनी." दीर कर्करोगाचे डॉक्टर. त्यांनी एक अहवाल पुढे सरकवला. "तुमच्याच प्रयोगशाळेचा. बालवाडीच्या बाई आहेत. फुप्फुसाचा कॅन्सर, आणि जन्मात विडीला हात लावलेला नाही. अशांच्या गाठीत बरेचदा एक बिघडलेलं जनुक सापडतं, त्यावर गोळी आहे. इथं म्हणे बिघाडच नाही! तीन महिने केमो दिली, गाठ वाढतेच आहे. नमुने बदलले असणार. तो तुमचा गाठीचे तुकडे कापणारा गबाळाच आहे."

"तुम्ही आधी फाशी देता, साक्षी मग काढता."

कर्करोगाची जनुकं वाचणं हेच वहिनींचं काम. बाळंतपणाच्या रजेवरून त्या पंधरवड्यापूर्वीच रुजू झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं प्रयोगशाळेत यंत्राच्या नोंदी उघडून बसले. प्रत्येक रुग्णाचं रक्त आणि गाठ दोन्ही तपासतात. रक्तात असतं ते जन्मजात; गाठीत जे जास्तीचं, तो रोग.

"डीएनएतल्या जन्मखुणा जुळतात. दोन्ही नमुने एकाच बाईंचे."

"म्हणजे अदलाबदल नाही? मिटलं!"

वहिनी पडद्याकडे बघत राहिल्या. "गाठीचा डीएनए फारच देखणा आहे. लांबलचक, अखंड धागे."

"चांगलंच की!"

"फॉर्मॅलिनमध्ये बुडवून मेणात थिजवलेल्या गाठीच्या मांसाचे धागे जुन्या लुगड्यासारखे विरतात, भावजी."

डॉक्टरांनी मान डोलावली. डोक्यात काही शिरलं नव्हतं.

कापणारा मेणाच्या ठोकळ्यांपाशी बसला होता. "तुकडा तांदळाएवढा होता, ताई. सहा पापुद्रे काढले, नळीत घातले, आपल्या प्रमुख सरांना दिले. पुरेसा की नाही ते सरच ठरवतात. रक्ताच्या खोलीत मला कोण सोडतंय?"

रक्त सांभाळणाऱ्या मावशी फणकारल्या. "मांसाला मी शिवत नाही, ताई. त्या पेशंटबाईंच्या रक्तातला उरलेला डीएनए सरांनी मागून नेला. यंत्र पडताळायचंय म्हणाले."

दोघं सरांच्या खोलीत शिरले. भिंतीवर मानचिन्ह लखलखत होतं. ‘सलग दोन वर्षं एकही नमुना परत नाही.’

"बसा," सर हसले. "बाळ कसं आहे?"

"मजेत. सर, तांदळाएवढ्या तुकड्यात गाठीच्या पेशी पुरेशा नव्हत्या ना? अशा वेळी ‘नमुना अपुरा’ लिहून दुसरा मागवायचा, हा नियम. पण मग मानचिन्हाला डाग लागतो."

सरांचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं.

"परक्याचा नमुना घातला असता तर जन्मखुणांनी चोर पकडला असता. म्हणून बाईंच्याच रक्तातला डीएनए गाठीच्या नळीत गेला. खुणा जुळल्या, आणि रक्त रक्ताशी ताडल्यावर बिघाड दिसणार कुठून? फसलं एकच. रक्त फॉर्मॅलिनमध्ये बुडत नाही, त्याचे धागे अखंड राहतात. कापणाऱ्याकडे रक्त नव्हतं, मावशींकडे मांस नव्हतं. दोन्ही आलं ते याच टेबलावर."

डॉक्टर ताडकन उठले. "तीन महिने विष चढवलं मी त्यांना! तुमच्या कागदावर भरवसा ठेवून!"

"आवाज खाली," सर म्हणाले. "तिचंच होतं ना रक्त? दुसऱ्याचं तर नाही घातलं? आणि अहवाल वेळेत मिळाला म्हणून पेढे घेऊन आली होती ती."

याच माणसाच्या हाताखाली वहिनी काम शिकल्या होत्या.

"अशा किती जणांचं केलंत?"

सरांनी टेबलावरचे कागद नीट लावायला घेतले. वहिनींनी तिथूनच संस्थेच्या चौकशी समितीला फोन लावला. दोन वर्षांचे सगळे अहवाल पुन्हा तपासावे लागणार होते. त्यातले काही रुग्ण आता नव्हते.

बाईंचा नवा तुकडा गुरुवारी घेतला. या वेळी तो पुरेसा आहे ना, हे बघायला वहिनी स्वतः गेल्या. दाराबाहेरच्या बाकावर बाईंची सहा वर्षांची मुलगी पाय हलवत बसली होती. वहिनींचा पांढरा कोट तिनं वरपासून खालपर्यंत न्याहाळला.

"काकू, आईला पुन्हा एवढी मोठी सुई टोचली. आधीचा तुकडा तुम्ही हरवलात का?"