अर्धा स्पंज

"जंतुनाशक? न्यूटच्या टाकीत?" मागून कुणीतरी विचारलं.

ती वळली. रंगीत माशांच्या त्या चिंचोळ्या दुकानात एक उंच तरुण तिच्या हातातल्या बाटलीकडे डोळे वटारून पाहत होता.

"पाणी स्वच्छ नको का?" तिने ठणकावलं खरं, पण बाटली फळीवर परत ठेवली. संध्याकाळी बाबा डोळ्याचं ऑपरेशन करून घरी येणार होते. आणि त्यांची ती दोन न्यूट, पालीसारखी दिसणारी पण बेडकासारखी पाण्यात राहणारी, केशरी पोटाची, सकाळपासून पाण्यात उतरायचं नाव घेत नव्हती. आईने बाबांच्या वाढदिवसाला आणलेली शेवटची भेट होती ती. आई गेल्यापासून बाबा जेवढं त्यांच्याशी बोलायचे, तेवढं कुणाशीच नाही.

"काय केलंत नेमकं?"

हॉस्पिटलात ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करणं हे तिचं काम. उथळ टाकीतला पाणी गाळणारा तो तपकिरी, बुळबुळीत स्पंज तिला बघवेना. काल तिने तो नळाखाली घासून पांढराशुभ्र केला, दगड उकळले, सगळं पाणी नवं भरलं.

"अरे देवा! पाणी साफ ठेवणारे जंतूच धुऊन टाकलेत तुम्ही. वर नळाचं क्लोरीन..." तो एकदम ओशाळला. "ते मात्र माझं पाप. जलशुद्धीकरण केंद्रात कामाला आहे. शहराच्या पाण्यात क्लोरीन सोडतो, तो मीच."

"मग निस्तरा आता!" ती बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

तो हसला नाही. पत्ता विचारून तडक निघाला.

अर्ध्या तासाने तो दारात उभा होता – क्लोरीन उडून जावं म्हणून दोन दिवस उघडं ठेवलेल्या पाण्याचे दोन कॅन, आणि डब्यात कात्रीने कापलेला अर्धा स्पंज. तपकिरी. बुळबुळीत.

"माझ्या न्यूटच्या टाकीतला आहे. तीन वर्षं मुरलाय. अर्धा त्यांना ठेवला."

इतकी घाणेरडी भेट तिला आजवर कुणी दिली नव्हती. तिने ती दोन्ही हातांनी घेतली.

त्यांनी पाणी बदललं. मग दोघं टाकीपुढे गुडघ्यांवर बसून राहिले. न्यूट दगडावरच. चार वाजले... साडेचार.

"नाही उतरली तर? बाबा येतीलच आता."

"तर बाबांना मी सांगेन. क्लोरीन माझंच ना?"

"स्पंज मी धुतला. मीच सांगेन." तिचे डोळे भरून आले. त्याचा हात तिच्या हाताजवळ आला – आणि तिथेच थांबला.

खाली रिक्षा वाजली. जिन्यात बाबांची काठी.

तेवढ्यात मोठ्या न्यूटने एक पाय पाण्यात घातला. थांबलं. मग सुळकन् आत! पाठोपाठ दुसरंही. तिने त्याचा हात घट्ट धरला, आणि दार उघडेपर्यंत तो सोडायचं राहूनच गेलं.

एका डोळ्याला पट्टी लावलेले बाबा टाकीवर वाकले. "हा स्पंज आपला नाही. आणि अर्धाच?"

"बाबा, मी फार मोठी चूक केली." तिने सगळं सांगितलं. बाबांनी पाण्यातली दोन्ही न्यूट नीट निरखून पाहिली. मग त्या तरुणाला म्हणाले, "बसा ना. उभे का?"

निघताना तो दारात रेंगाळला. "आठवड्याने फक्त पाव टाकी पाणी बदलायचं... मी येऊ का मदतीला?"

"पाणी मी बदलेन," ती म्हणाली. "तुम्ही नुसते या."