खारघरच्या हॉलमधलं मनोगत

खारघरच्या हॉलमध्ये मुख्याध्यापकांचं प्रशिक्षण चालू होतं आणि मी चक्क पेंगत होते. डोकं शेजारच्या अनोळखी खांद्यावर टेकलं, तेव्हा जाग आली. मेले मी! पण खांदा जागचा हलला नव्हता.

"झोपा, मॅडम," खांदेवाला हळूच म्हणाला. "गेल्या वर्षीच्याच स्लाइड आहेत. नवीन काही आलं तर उठवतो."

जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याच्यावर तशी वेळ आली नाही.

तो शिवतेज, तळोज्याच्या एका शाळेचा मुख्याध्यापक. मी निशिगंधा, घणसोली गावातल्या शाळेची, तीही प्रभारी. आधीच्या बाई रिटायर झाल्या नि खुर्ची माझ्या गळ्यात पडली. ती सांभाळायची कशी, हे कुणी शिकवलं नाही. पालक भांडायला यायचे, शिक्षक रुसायचे, आणि मी ऑफिसचं दार लावून रडायचे.

यंदा मात्र प्रशिक्षणवाल्यांनी एक गोष्ट बरी केली होती. दोघादोघांच्या जोड्या लावल्या आणि एकमेकांच्या शाळेत दिवसभर बसून बघा म्हणाले. माझी जोडी कुणाशी लागली, हे काय सांगायला हवं... तो आला, मागे बसून सगळं बघितलं, आणि निघताना हसत म्हणाला की समोरच्याने तोंड उघडायच्या आत तुम्ही उत्तर देता, जरा थांबत जा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला काही शिकवलं. त्याच्या शाळेत आजूबाजूच्या कारखान्यांतल्या केमिकलच्या वासाने मी नाकाला रुमाल लावला, तर म्हणे, मुख्याध्यापकाला कशाचीही सवय होते. मग दर शनिवार असाच एकमेकांच्या शाळेत जाऊ लागला. आमच्या शाळेतल्या पुतळामावशी विचारायच्या, "बाय, तो तुजा सर कवा येनार हाय?" माझे कान तापायचे.

प्रशिक्षणाच्या समारोपाला शिक्षण खात्याचे साहेब आले. या शाळाभेटी पुढे ठेवायच्या की नाहीत, ते त्या दिवशी ठरणार होतं. मनोगताला शिवतेजचं नाव पुकारलं. बोल बाबा, मी मनात म्हटलं, आता तरी खरं बोल. पण मनोगत म्हणजे गोडच बोलायचं, ही आपली रीत. व्याख्यानं उत्तम, स्लाइड उत्तम, चहासुद्धा उत्तम, असं म्हणून तो खाली बसला. साहेब खूश. सगळंच उत्तम आहे तर भेटींचा व्याप कशाला, यापुढे सगळं ऑनलाइन घेऊ, असं त्यांनी तिथेच जाहीर केलं.

पार्किंगमध्ये मी त्याच्यावर भडकलेच. एक धड गोष्ट होती, तीही घालवलीत, म्हटलं.

"मनोगतात कुणी खरं बोलतं का, मॅडम?" त्याचा चेहरा पार उतरला होता.

"मग खरं बोलायचं कुठे?"

त्याने घातलेलं हेल्मेट परत काढलं. "इथे बोलतो. मला तुम्ही आवडता, निशिगंधा. ऑर्डर नसली तरी यायचंय मला... येऊ?"

हेच ऐकायला जीव आसुसला होता. ये, एवढंच म्हणायचं होतं. पण पलीकडे ओळखीच्या मॅडम रिक्षासाठी उभ्या, आणि तोंडातून निघालं काय?

"आपण मोकळेपणाने विचार मांडलेत, सर... मी आभारी आहे."

परिपाठाला आलेल्या पाहुण्याला म्हणते ना, अगदी तसं. तो जरा थांबला, मला शिकवलं होतं तसा. मग मान हलवून "आभारी आहे, मॅडम" म्हणाला आणि गाडी तळोज्याच्या रस्त्याला लागली.

पुतळामावशी आता काही विचारत नाहीत. मी मेसेज लिहिते आणि पुसते. मुख्याध्यापकांच्या ग्रुपवर ऑनलाइन प्रशिक्षणाची लिंक येते. तिच्याखाली तो हात जोडतो. त्याच्याखाली मी हात जोडते.