गप्प असलेला एक्स

"भाऊराव, उतर खाली," आमच्या भिंतीवरच्या मांजराला कुणीतरी विनवत होतं. पांढरं, काळं, पिवळं... तीन रंगांचं मांजर. मी उन्हात केस वाळवत होते.

"भाऊराव नाही, भीमाबाई म्हणा," मी म्हणाले. "तीन रंगाची बहुतेक बाईच असते."

भिंतीपलीकडे नरहरी होता. पोलाद कारखान्याच्या रोलिंग मिलला नुकताच लागलेला, मामाच्या क्वार्टरमध्ये राहायला आलेला. ब्याण्णव सालचा हिवाळा होता. मी नागपूरहून एम.एस्सी. करून कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दोनला घरी परतले होते.

दुसऱ्या दिवशी तो विचारायला आला — बाईच कशावरून? मी सांगितलं. नराच्या पेशीत एक्स गुणसूत्र एकच, मादीच्या पेशीत दोन; हिच्या एकावर काळा रंग, दुसऱ्यावर पिवळा, आणि प्रत्येक पेशीत त्यातला एक गप्प. म्हणून कुठे काळा रंग उमटतो, कुठे पिवळा. त्या गप्प एक्समधूनच आरएनए नावाचा एक रेणू निघतो आणि त्यालाच झाकून टाकतो, असं नुकतंच कळलं होतं. मग प्रथिनं त्याची घट्ट गुंडाळी करत असावीत. जनुकं तिथेच असतात, पण बोलत नाहीत.

"मनात असून न बोलणारे," तो म्हणाला... माझ्याकडे न बघता.

मग रोज संध्याकाळी त्याला आरएनएची नवी शंका यायची. मला त्या शंका आवडायच्या.

एकदा त्याने सरळच विचारलं — तुमच्या बाबांशी बोलू का? मीही सरळ सांगितलं. माझ्या भावाचं, देवरावचं, रक्त गोठत नाही. तो दोष आईकडून आलेल्या एक्सवर असतो, आणि तोच एक्स माझ्यातही असू शकतो. दुसरा एक्स बऱ्याच पेशींत काम करतो म्हणून मी धडधाकट. पण मुलगा झाला तर त्याला ते दुखणं येऊ शकतं. दुर्गची दोन स्थळं हे ऐकूनच परत गेली होती.

तो उठून गेला. नंतर भिंतीपाशी फिरकलाच नाही. मला वाईट वाटलं, पण सांगितल्याचा पस्तावा नव्हता.

रविवारी तो थेट बाबांसमोर येऊन बसला. दवाखान्यात डॉक्टरांना सगळं विचारून आला होता. म्हणाला, "कांताशी लगन करायचं आहे. पोरगं तसं झालं तं सांभाळू. अन् देवरावले दवाखान्यात न्यायले आजपासून मी आहो."

बाबा चष्मा पुसत राहिले.

तो माझ्याकडे वळला. "मी पळालो नव्हतो. समजून घेऊन राहिलो होतो."

"अन् समजलं?"

"थोडंसं. बाकी तुमी शिकवा."

"वेळ लागेल," मी म्हणाले — आणि बाबांसमोरच त्याच्या शेजारी जाऊन बसले.