मैनेच्या मुलाचं नाव

मिशनच्या मडमबाई दर गुरुवारी रत्नागिरीहून होडीने खाडी ओलांडायच्या आणि करंजवाडीच्या बंदरावरच्या जुन्या वखारीत दिवसभराचा दवाखाना मांडायच्या. मराठी त्यांना येत होतं, पण ते पुस्तकातलं. 'आपल्या उदरात वेदना होतात काय?' असं त्यांनी विचारलं की समोरची म्हातारी हबकून नाहीच म्हणायची. म्हणून सोबत एक दुभाषी बाई लागे. एकतीस सालच्या चैत्रात ती नेमकी तापाने आडवी झाली, आणि 'एक दिवस येशील का?' अशी मडमबाईंची चिठ्ठी रत्नागिरीतच कमलाच्या दारात आली.

कमलाला इंग्रजी चार इयत्तांचं येत होतं. तिचे यजमान दत्तोपंत कोर्टात कारकून, चिठ्ठी वाचून ते एवढंच म्हणाले, "जाऊन ये. पण या दिवसांत उन्हात फिरायचं नाही हो."

या दिवसांत, म्हणजे तिला पाचवा महिना सरत आला होता. पहिलं मूल जन्मतःच गेलं होतं. दुसरं नवव्या दिवशी गेलं, बारशाला तीन दिवस उरले असताना. त्याचं नाव काय ठेवायचं ते कमलाने आळीभर सांगून ठेवलं होतं, आणि ते सांगितलेलं नाव तिच्याजवळ तसंच पडून राहिलं. म्हणून या खेपेला तिने मनाशी ठरवलेलं नाव कुणालाच सांगितलं नव्हतं, दत्तोपंतांनासुद्धा नाही. आणि हे मूल अजून पोटात हललं नव्हतं. मडमबाई लाकडी नळी पोटाला लावून दोनदा ऐकून गेल्या होत्या आणि 'गुरुवारी परत पाहू' म्हणाल्या होत्या. अशा बाईला नाही म्हणायची कमलाची काय बिशाद?

सकाळी खाडीवर धुकं होतं. लवू तांडेल वल्हं मारत होता, पण होडी पुढे जाते आहे की किनाराच मागे सरतो आहे ते कळत नव्हतं. करंजवाडी दिसायच्या आधी तिचा वास आला, सुक्या मासळीचा आणि ओल्या चिखलाचा. मग वखारीच्या पडवीत बसलेली माणसं एकेक करून धुक्यातून उमटली.

कमलाचं टेबल पडवीत होतं. नाव विचारायचं, वय, गाव, काय होतंय ते चिठ्ठीवर लिहायचं आणि माणसाला आत पाठवायचं. कंपाउंडर काशीराम म्हणजे डॉक्टरपेक्षा मोठा माणूस. त्याने तिला बजावून सांगितलं, "नावाशिवाय चिठ्ठी नाही, वहिनी. मागे दोन बिननावाच्या पोरांच्या बाटल्या उलटसुलट झाल्या होत्या. तेव्हापासून मडमबाईंचा कायदा आहे."

दुपारपर्यंत कमलाला मान वर करायला फुरसत मिळाली नाही. खरूज, हिवताप, भाजलेला हात, माशाचा काटा रुतून सुजलेली टाच. बाया नवऱ्याचं नाव घ्यायला लाजत, आणि कमला हसून शेजारणीला विचारून घेई. तिला बरं वाटत होतं. पोटावरचा हात तिने सकाळपासून प्रथमच काढला होता.

बाराला मडमबाई आत डबा खायला बसल्या. काशीराम फळीवर आडवा झाला, रोगी करंजाच्या सावलीत कलंडले. वारा पडला. कौलं तापून मधूनच कुरकुरत होती, आतून कार्बोलिकचा उग्र वास येत होता, आणि समोर ओहोटीने उघडी पडलेली वाळूची पुळण डोळ्यांना सहन होत नव्हती. कमलाचे डोळे जडावले.

टेबलासमोर एक बाई उभी होती. हिरवं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, आणि पदराखाली गुंडाळलेलं मूल.

"नाव?" कमलाने विचारलं.

"माजा? मैना."

"आणि बाळाचं?"

"बारसा झाला नाय, बाय. दहा दिसांचा हाय. त्येचा बा मुंबैला गिरणीत. तो आल्याबिगर नाव ठेवायचा नाय, असा सासरा बोल्ला."

"ताप आहे का त्याला?"

"नाय... गार हाय."

कमलाने चिठ्ठी पुढे ओढली. "मग होतंय काय?"

"त्येला काय व्हत नाय." बाई पुळणीकडे बघत होती. "लांब जातो खेळत. पार पाण्यापत्तर जातो. नाव नाय, तं हाक कशी मारू? हाक नाय मारली, तं यील कसा?"

दहा दिवसांचं मूल खेळायला कसं जाईल, हे कमलाच्या ध्यानातच आलं नाही. त्या वेळी तिला ते अगदी सरळ वाटलं. झोपेत माणसाला सगळंच पटतं, तसं. तिला फक्त आपलं नऊ दिवसांचं मूल आठवलं. त्यालाही नावाने हाक मारायची राहून गेली होती.

"कागदावर नाव लागतं," ती हलकेच म्हणाली. "काहीही सांगा. बारशाला दुसरं ठेवा."

"मना नाय सुचत. तूच घाल एकादा."

आणि कमलाच्या हाताने लिहिलं. विचार करायच्या आधीच लिहिलं. चारुदत्त. लिहिलेलं वाचून दाखवायची सकाळपासूनची सवय, म्हणून तिने ते मोठ्याने वाचलंही.

"चारू..." बाईने म्हणून पाहिलं. "चारू..." तिचा चेहरा असा उजळला की कमलालाही हसू आलं. मग बाई वाकली. "लय गोड हाय. तुज्या पोराचा व्हता नव्हं?"

कमलाच्या हातातला टाक थांबला. पोटातल्यासाठी ठरवलेलं हे नाव तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. आत काशीरामने घंटा वाजवली, रोगी उठून बसले, कुणाचं तरी मूल रडलं. कमलाने मान वर केली तर समोर खरजेचा एक म्हातारा उभा होता. बाई नव्हती आणि चिठ्ठीही नव्हती. टेबलावर तेवढी चिमूटभर ओली वाळू होती. ती तिने फडक्याने पुसून टाकली आणि म्हाताऱ्याचं नाव विचारलं.

दिवस उतरल्यावर मडमबाईंनी तिला आतल्या बाकावर निजवलं आणि पोटाला नळी लावली. पुष्कळ वेळ कान लावून होत्या. इकडे लावली, तिकडे लावली. मग नळी पुसून पेटीत ठेवली आणि कमलाकडे न बघता म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात पुन्हा एकदा ऐकू." कमलाने लुगडं सारखं केलं आणि होडीत जाऊन बसली. तिला रडूही येत नव्हतं.

होडी निघाली. खाडी तांबूस झाली होती. काहीतरी बोलायचं म्हणून कमला म्हणाली, "लवूदादा, ती मैनाबाई कुठल्या वाडीची हो? बाळाला घेऊन आली होती. मडमबाईंना न दाखवताच गेली."

लवूचं वल्हं पाण्यातच राहिलं.

"कसली मैना, वैनी?"

"हिरव्या लुगड्यातली. नवरा मुंबईला गिरणीत आहे म्हणाली. बाळाचं बारसं झालं नाही..."

लवूने वल्हं होडीत ओढून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाला, "तो पोर मेला ना, वैनी. दोन वर्सा झाली. बिननावाचा, तसाच पुरला पुळणीत. ती रोज तिथं जाऊन बसायची. येक दिस भरती आली... ती उठलीच नाय."

मडमबाईंनी विचारलं, "काय म्हणतो हा?" दिवसभर कमलाने सगळ्यांचं बोलणं मडमबाईंना लिहून कळवलं होतं, एवढंच तिच्या तोंडून निघेना.

आणि तेवढ्यात पाठीमागच्या किनाऱ्यावरून हाक आली. लांबून, पाण्यावरून पसरत.

"चारूऽऽ..."

कमलाच्या पोटात काहीतरी हललं. आतल्या आत टक्कन.

"चारूऽऽऽ..."

पुन्हा. या खेपेला असं जोरात की तिने मडमबाईंचा हात धरला आणि आपल्या पोटावर दाबला. मडमबाईंना ते हाताला लागलं. त्यांचे निळे डोळे पाण्याने भरले. "देवाची कृपा!" त्या म्हणाल्या. "कमला, जिवंत आहे!" हाक त्यांना ऐकू आली नसावी. लवूला आली होती. तो मागे न बघता असा वल्हवत होता की होडीत पाणी उडत होतं. कमला रडत होती. आनंदाने की कशाने, ते तिचं तिला कळत नव्हतं.

श्रावणात मुलगा झाला, चांगला गुटगुटीत. बारशाच्या दिवशी आत्याने त्याच्या कानात आजोबांचं नाव सांगितलं, हरिश्चंद्र. कमलाने मुद्दामच तसं ठरवलं होतं. दुसरं नाव ती एकटी असतानाही तोंडात येऊ देत नसे.

मुलगा चालायला लागला, खेळायला लागला, पण बोलेना. हरी म्हणून दहा हाका मारल्या तरी मान वळवायचा नाही. बहिरा की काय, म्हणून दत्तोपंतांनी मडमबाईंना दाखवलं. कान उत्तम आहेत, त्या म्हणाल्या.

तो पावणेतीन वर्षांचा असतानाची गोष्ट. वैशाखातली दुपार, वारा पडलेला, घर पेंगत होतं. कमला पडवीत तांदूळ निवडत होती आणि मुलगा पायरीवर आंब्याच्या कोयी मांडून खेळत होता. खेळता खेळता त्याने मान वर केली. खाडीच्या बाजूला बघितलं. आणि जन्मात पहिल्यांदा तो बोलला.

"ओ," तो म्हणाला. स्वच्छ, मोठ्याने.

मग हातातली कोय खाली ठेवली, पायरी उतरला आणि अंगणाच्या बेड्याकडे, फाटकाकडे, चालू लागला. कमलाच्या मांडीवरचं सूप उलटलं. "हरी! अरे हरी!" तो वळला नाही. बेडं उघडं होतं आणि पलीकडे खाडीकडे उतरणारी दगडी पायऱ्यांची पाखाडी होती. तेव्हा तिने तीन वर्षं दाबून ठेवलेलं नाव छाती फोडून ओरडून काढलं.

"चारू!"

मुलगा थांबला. वळून त्याने आईकडे बघितलं. मग पाखाडीकडे बघितलं, मग पुन्हा आईकडे. दोन बायांनी एकदम हाक मारली की मूल घुटमळतं, तसा तो उभा राहिला. कमलाने धावत जाऊन त्याला उचललं आणि घरात नेऊन आतून कडी लावली.

तेव्हापासून त्याला घरात सगळेच चारू म्हणतात. दत्तोपंतांनी कारण विचारलं, तिने सांगितलं नाही. दुपारी सगळीकडे सामसूम झाली, की ती हातातलं काम टाकून उगाचच त्याला हाक मारते. तो अंगणात असो नाहीतर माजघरात, लगेच ओ देतो. गुणी मुलगा आहे.

फक्त, कमला हाक एकदाच मारते, आणि तो ओ दोनदा देतो.