अक्रोडाखालचा फुकट सल्ला

“पाच पौंड दोन औंस,” मी म्हणाले.

टेबलामागच्या माणसाने खिशातली चिठ्ठी हळूच उघडून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं… आणि पाहतच राहिला. कानापर्यंत लाल झाला होता बिचारा. केकच्या वजनाचा अंदाज बरोबर कुणाचा, ते संध्याकाळी जाहीर करायचं असतं. त्याच्या चेहऱ्याने ते दुपारी दोनलाच करून टाकलं.

“कुणी फोडलं तुमच्यापाशी?” तो कुजबुजला.

“कुणी नाही हो. रोज फांद्यांची वजनं अंदाजाने सांगते मी. त्यापुढे केक म्हणजे काय!”

झालं! बोलून गेले आणि जीभ चावली. जूनमधला रविवार, हॅल्टन क्रॉसची वार्षिक जत्रा, तंबूवर रिमझिम चाललेली, हातात चहाचा कप – आणि मी, हेस्टर लायल, झाडांची सल्लागार, आपल्या तोंडाने आपला धंदा सांगून बसले. लग्नात डॉक्टर दिसला की लोक त्याला गुडघे दाखवतात ना, तशी मला झाडं दाखवतात. म्हणून सुट्टीच्या दिवशी कुणी विचारलं तर मी पोस्टात आहे असं ठोकून देते.

“म्हणजे झाडातलं कळतं तुम्हाला?” त्याचे डोळे चमकलेच. “मी नेड प्रॉसर. इथल्या प्राथमिक शाळेत शिकवतो. माझ्या परसात एक अक्रोड आहे—”

“रविवारी मी झाडं बघत नाही.”

“झाड नका बघू. नुसत्या चहाला या. स्ट्रॉबेरी आहेत, साय आहे. आता परसात झाड उभंच असलं आणि तुमची नजर गेली… तर त्याला मी काय करू?”

मला हसू आलं. त्याच्या कपाळावर एक ओली बट आली होती आणि ती मागे सारायला हात मोकळा नव्हता, दोन्ही हातांत केक. मला फार वाटलं की आपणच सारावी. अर्थात सारली नाही. पण चहाला गेले.

आता एक सांगायलाच हवं. आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या दिवसापासून डोक्यात ठोकतात – फुकट सल्ला द्यायचा नाही. पैसे घेतले नाहीत म्हणून जबाबदारी सुटत नाही. समोरचा तुम्हाला जाणकार समजून वागला आणि त्यात त्याचं नुकसान झालं, तर तो तुमच्या दारात येऊ शकतो. म्हणून आम्ही सगळं लेखी देतो. माझा साधा अहवाल बारा पानांचा असतो आणि त्यातली चार पानं मी काय काय तपासलेलं नाही याचीच असतात. आणि कुठल्याही झाडाबद्दल तोंड उघडण्याआधी कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, फोन करून विचारायचं, की हे झाड संरक्षित आहे का. संरक्षित झाडाला परवानगीशिवाय हात लावणं हा आमच्याकडे गुन्हा आहे, मग ते तुमच्या स्वतःच्या परसातलं का असेना.

हे सगळं मला झोपेतसुद्धा म्हणून दाखवता येईल. आणि नेडच्या परसात मी काय केलं? सगळीकडे हिरवंगार आणि मधोमध तो अक्रोड, अंगावर एक पान नाही. खिशातल्या चाकूने मी साल जरा उचकटली. आत पांढरी बुरशी पसरलेली.

“मेलाय हो,” तोंडात स्ट्रॉबेरी ठेवूनच मी म्हणाले. “गेल्या वर्षीच गेला असणार. काढून टाका. बुंधासुद्धा ठेवू नका, मुळांत बुरशी आहे, तुमच्या सफरचंदांना धरेल.”

बारा पानांचं काम मी चार वाक्यांत उरकलं. पाचवं वाक्य ओठांवर होतं – “पण आधी कौन्सिलला विचारा.” देवाशपथ होतं! पण नेमकं तेव्हाच नेड म्हणाला, “पुढच्या रविवारी काय करताय तुम्ही?”

आणि पाचवं वाक्य गेलं हवेत.

त्या उन्हाळ्याबद्दल काय सांगू! रविवारी आम्ही कालव्याच्या काठाने चालत जायचो. तुम्हीचं तू कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. त्याने दोन मित्रांना घेऊन अक्रोड पाडला, लाकडं वाटून टाकली, यंत्र भाड्याने आणून बुंधाही मुळापासून काढला. “बाईंचा हुकूम!” म्हणून मला मोठ्या दिमाखात ती मोकळी जागा दाखवली. मीही शहाणी, “शाब्बास” म्हणाले.

“शाब्बास काय नुसतं? बक्षीस?”

“मागून तर बघ.”

“…नको,” तो चाचरला. “मागितलं आणि नाही म्हणालीस तर?”

“तर काय?”

“तर रविवार जाईल माझा.”

अस्सा होता. वर्गातली तीस पोरं सांभाळतो, आणि एक वाक्य सांभाळता येईना. मीही काही धीट नव्हते म्हणा.

सप्टेंबर लागला आणि नेड बदलला. एक रविवार वह्या तपासायच्या होत्या, दुसऱ्या रविवारी सर्दी. रस्त्यात दिसला तर हात हलवून पलीकडच्या फुटपाथवर गेला! मी घरी येऊन किटली इतक्या जोरात आपटली, की झाकण उडालं. गेला उडत, म्हटलं. आणि मग तासभर रडले.

तिसऱ्या आठवड्यात पोस्टाच्या रांगेत माझ्या मागे मिस्टर ग्राइस उभे. नेडचे शेजारी.

“कळलं का, मिस लायल? आमच्या मास्तरांवर खटला होतोय. अक्रोड संरक्षित होता, वीस वर्षांपासून. मीच कळवलं कौन्सिलला. कर्तव्य म्हणजे कर्तव्य!”

तिकिटं न घेता मी तशीच नेडच्या घरी गेले.

तो दार अडवून उभा राहिला. “हेस्टर, तू इथे येऊ नकोस. कुणी पाहिलं तर जोडतील तुझं नाव.”

“जोडू देत! त्यांनी काय विचारलं तुला?”

“कुणी सल्ला दिला होता का, असं विचारलं.”

“मग?”

“मी नाही म्हटलं.”

“मूर्खा!” मी ओरडलेच. “अरे, मेलेल्या झाडाला परवानगी लागत नाही! पाच दिवस आधी लेखी कळवायचं असतं, एवढंच. झाड मेलेलं होतं एवढं सांगायचंस!”

“सांगितलं. तेव्हा ते म्हणाले, सिद्ध करा. लाकूड नाही, बुंधा नाही. कुणा जाणत्याने पाहिलं होतं का, म्हणाले.” तो जमिनीकडे बघत होता. “मी वाचलंय सगळं, हेस्टर. तू पाहिलंस असं सांगितलं, की पुढचा प्रश्न तुला. संरक्षित आहे का ते का तपासलं नाही? नोटीस द्यायला का सांगितली नाही? दीड वर्षापूर्वी तू स्वतःच्या नावाची पाटी लावलीस. ती उतरेल.”

“आणि तुझ्या नावावर गुन्हा लागला तर? शाळेत ठेवतील तुला?”

तो दाराची कडी उगाच खालीवर करत राहिला. म्हणजे त्याचाही विचार करून झाला होता. हा माणूस तीन आठवडे एकटा हे उरावर घेऊन फिरत होता आणि मी किटल्या आपटत होते! त्या क्षणी मला इतकं भरून आलं, की भांडायचंही सुचेना. माझ्यासाठी असं कधी कुणी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या विमा कंपनीला फोन केला. चूक झाली तर भरपाई देणारा विमा काढल्याशिवाय आमचा धंदाच करता येत नाही. पलीकडची बाई फार गोड बोलली. “मिस लायल, कृपा करून काहीही कबूल करू नका. करारातच आहे ते. आम्हाला न विचारता चूक मान्य केलीत, तर संरक्षण गेलं समजा. तक्रारीत तुमचं नाव आहे का? नाही ना? मग शांत बसा.”

“आणि शांत बसून दुसरा कुणी अडकत असेल तर?”

“ते… आमच्या करारात येत नाही,” ती हळूच म्हणाली. तिलाही वाईट वाटलं असावं. मी तिचे आभार मानले आणि सांगितलं की मी कौन्सिलमध्ये चालले आहे.

कौन्सिलच्या वृक्ष अधिकारी मिसेस टँडी. साठीच्या आसपास, चष्मा साखळीला अडकवलेला. मी धडाधड सगळं सांगितलं – जत्रा, स्ट्रॉबेरी, चाकू, बुरशी, न बोललेलं वाक्य. त्यांनी लिहून घेतलं आणि शेवटचं पान माझ्यापुढे सरकवलं.

“हा रकाना राहिला. संबंधित व्यक्तीशी तुमचं नातं. स्वतःच्या अक्षरात लिहा.”

पेन हातात घेऊन मी किती वेळ बसले कोण जाणे. ‘परिचित’ लिहिलं असतं तर चाललं असतं. मग मी लिहिलं.

मिसेस टँडींनी चष्मा लावून वाचलं. चष्मा काढला. परत लावला.

“मिस लायल, हे लिहिल्यावर तुमच्या साक्षीला काय वजन उरलं, सांगा बरं? उद्या कुणीही म्हणेल, बाई प्रेमापोटी बोलतेय.”

“खोटं लिहू का मग?”

“तसं कुठे म्हटलं मी?”

“माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. हे बघा.” मी मोबाइल पुढे केला. त्या रविवारी परसात मी एक फोटो काढला होता. कुणालाच दाखवला नव्हता, नेडलासुद्धा नाही. का नाही, ते बघताक्षणी कळेल असाच होता तो.

मिसेस टँडींनी बराच वेळ न्याहाळला. “मला तर एक तरुण माणूस दिसतोय. नाकाला साय लागलेली.”

“मागे बघा, मागे.”

“मागेच बघतेय हो. तोच मधे मधे येतोय.” आणि मग त्यांनी फोटो मोठा केला. नेडच्या खांद्यामागे, भर जूनमध्ये, उघडाबोडका अक्रोड. उचकटलेल्या सालीखालचा पांढरा डागही दिसत होता. कोपऱ्यात तारीख.

“मेलेलाच होता,” शेवटी त्या म्हणाल्या. “खटला उभा राहत नाही. नोटीस दिली नाही म्हणून मास्तरांना लेखी समज मिळेल, आणि त्या जागी नवं झाड लावावं लागेल. तुमच्याबद्दल मात्र तुमच्या सल्लागारांच्या संस्थेला कळवणं मला भाग आहे.”

“कळवा. थँक्यू, मिसेस टँडी. मनापासून.”

“माझे कसले आभार? खरं तुम्ही सांगितलंत.” त्यांनी कागद झेरॉक्सच्या यंत्रातून काढले, घडी घातली. “आणि नियमाप्रमाणे या जबाबाची प्रत संबंधित व्यक्तीला द्यावी लागते. सगळी पानं. पोस्टाने तीन दिवस लागतील… की हातोहात नेता?”

माझं कपाळ! हा नियम मला माहीत नव्हता असं थोडंच आहे? पण रकाना भरताना मी त्याच्यासकट सगळे नियम विसरले होते. तीन दिवस टपालाची वाट बघत मरण्यापेक्षा… मी लिफाफा उचलला.

शाळेच्या फाटकाशी पोचले तेव्हा मधली सुट्टी संपत आली होती. पाऊस भुरभुरत होता. नेड धावत आला आणि तिथेच उभा राहून पहिल्या ओळीपासून वाचायला लागला. मास्तर तो मास्तरच, एक स्वल्पविराम सोडेल तर शपथ!

“हेस्टर, हे काय करून बसलीस? विमा?”

“गेला. वर्षभर तरी स्वतःच्या नावावर काम नाही. श्रूजबरीचे एक म्हातारे सल्लागार कधीचे बोलावताहेत, त्यांच्या हाताखाली राहीन.”

“माझ्यासाठी?”

“ते माझ्या चुकीसाठी. तुझ्यासाठी जे आहे ते शेवटच्या पानावर आहे.”

त्याने पान उलटलं. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं – ‘माझं त्याच्यावर प्रेम आहे. त्याला अजून सांगितलेलं नाही.’ एकदा वाचलं त्याने. पुन्हा वाचलं. कागदावर थेंब पडत होते.

“हे… सरकारी कागदावर?”

“रकाना होता.”

“म्हणजे मला सांगायच्या आधी मिसेस टँडींना सांगितलंस?”

“त्यांनी विचारलं. तू विचारलंस कधी?”

घंटा वाजली. पोरं आत पळाली. नेड हलला नाही.

“मी त्यांच्याशी खोटं बोललो, हेस्टर,” तो म्हणाला. “आयुष्यात पहिल्यांदा. का बोललो, ते लिहायला मला कुणी रकाना दिला नाही.”

“मग तोंडी सांग.”

“प्रेम आहे. फार आहे. तू नाही म्हणशील म्हणून घाबरत होतो.”

आमच्याकडे बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक्यू म्हणतात, दुकानात एका पावासाठी दोनदा म्हणतात. दिवसातून पन्नास वेळा मी तो शब्द फेकत असते. त्या फाटकाशी मात्र तो असा फेकता येईना. किती वेळाने बाहेर पडला, आणि तोही अर्धा रडका.

“थँक्यू, नेड. माझं नाव घेतलं नाहीस.”

“वेडी आहेस,” तो म्हणाला. त्याचाही आवाज ओला झाला होता. “पाटी गमावून आलीस आणि आभार माझे मानतेस?”

मग त्याने कागद कोटाच्या आत ठेवले, नीट, भिजू नयेत असे, आणि मोकळ्या झालेल्या दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला. वर्गाच्या खिडक्यांना नाकं चिकटवून तीस पोरं बघत होती. बघू देत, म्हटलं.