तीन मीटरवरचा थांबा

राजारामपुरीत माझं ब्लाउज शिवायचं दुकान. शिवण मी कापडं बिघडवून बिघडवून शिकले, पोहणं पाठीला डबा बांधून, आणि मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरचं इंग्रजी पुस्तक शब्दकोश मांडीवर घेऊन. २००४च्या मार्चमध्ये, सत्तेचाळिसाव्या वर्षी, मी हवेची टाकी लावून पहिल्यांदा विहिरीत उतरणार होते. सकाळी आनंदानं चहात मीठ घातलं.

शिकवणारी माझी भाची निशिगंधा. मालवणला डायव्हिंग शिकवायची. दोन महिने तिनं मला जलतरण तलावात घोटवलं होतं. उद्या ती अंदमानला चालली होती, दोन वर्षांसाठी. म्हणजे आज नाही तर नाहीच.

विहीर शिरोळच्या भरमाप्पांची, उसाच्या मधोमध. गेल्याच उन्हाळ्यात गाळ काढून दोरानं मोजलेली, बेचाळीस फूट.

"अक्का, ह्या घड्याळाला काय कळतंय?" भरमाप्पांनी माझ्या मनगटाकडे बघत विचारलं.

"किती खोल गेलो, किती वेळ झाला, वर येताना कुठं थांबायचं, नाहीतर अंगाला बाधतं. पाणी लागलं की आपोआप सुरू होतं."

"मग आदी त्यालाच सोडू की खाली! बगून यील."

मला ते पटलं. हीच चूक. निशिगंधा गाडीतून टाक्या उतरवत होती, तोवर आम्ही पट्टा बादलीच्या कडीला बांधून बादली तळाला सोडली. दोन मिनिटांत ओढली, तर कॉम्प्युटर किंचाळत वर आला.

खोली एकेचाळीस मीटर. वेळ सत्तावीस मिनिटं.

एकेचाळीस मीटर म्हणजे एकशे चौतीस फूट. मी दोनदा गुणाकार केला.

निशिगंधा धावत आली. "आत्या! हा काय थर्मामीटर आहे बुडवून बघायला? त्याला प्रत्येक वेळी माणूसच वाटतो. माणूस किती खोल राहिला, त्यावर तो वर यायची वाट ठरवतो."

"अगं, पण दोनच मिनिटं…"

आकडे बघून तिचा आवाज उतरला. पडद्यावर खाली जाणारा बाण होता. तीन मीटरवर थांबा, चौदा मिनिटं.

"बिघडलाय," ती म्हणाली. "तीन मिनिटांत परत खाली गेला नाही तर लॉक होईल. दोन दिवस."

"मग तुझा एकच दोघींना?"

"नाही. ज्याचा त्याचा वेगळा. तशी मी तुला नेणार नाही."

म्हणून मी बादली पुन्हा सोडली. ती दहा फुटांवर, म्हणजे तीन मीटरवर ठेवून दोर धरून उभी राहिले.

दोर जड झाला. कुणीतरी ओढावं तसा नाही. नुसतं धरून राहावं, तेवढाच.

"आडकली आसंल," भरमाप्पा म्हणाले.

"मधोमध सोडलीय, अडकेल कशाला?" मी म्हटलं.

मग बुडबुडे आले. एक झुबका, थोडी उसंत, पुन्हा झुबका. मला भीती वाटायला हवी होती, पण छाती जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखी उसळत होती.

निशिगंधा ओणवी होऊन बघत होती. "श्वास सावकाश सोडतंय," ती पुटपुटली. "बरोबर सोडतंय."

"कोण?"

तिनं आपल्या मनगटावर वेळ बघितली.

नवव्या मिनिटाला भरमाप्पांचा धीर सुटला. "वडा की वर, अक्का!"

"ओढू नकोस," निशिगंधा म्हणाली. "अजून पाच मिनिटं आहेत."

तळहात सोलवटले होते. माप देताना चुळबुळणाऱ्या पोरीला सांगावं तसं मी पाण्याला म्हटलं, "थांब हं. पाचच मिनिटं."

ऊन काठावर आलं. कुणी हललं नाही.

चौदा.

दोर हलका झाला. बुडबुडे विहिरीच्या पायऱ्यांकडे सरकले, शेवटच्या पायरीशी एकदा फुटले, आणि थांबले. वर कुणी आलं नाही.

मी बादली ओढली. पडदा शांत होता.

निशिगंधानं न विचारता टाक्या परत गाडीत ठेवल्या. माझी विहीर राहिली ती राहिलीच. पण राग आला नाही.

मी कडीचा पट्टा सोडवला. पाणी हाताला झोंबेल इतकं गार होतं. पट्टा आतल्या बाजूनं गरम होता.